एकवीस तोळे

त्या दिवशी शटर मी पाडलं. एरवी ते काम आमच्या कारागिराचं. पण जुलैचा पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर पडलेली आणि कारागीर राहतो शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला, म्हणून त्याला दुपारीच घरी पाठवला होता. सात वाजता मी ऐरणी झाकल्या, तिजोरी लावली, झड आत येते म्हणून मागचा झरोकाही ओढून घेतला आणि शटर खाली घेतलं. दोन कुलपं. गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफकट्ट्यात, कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघायची सवय असते. आजोबांना होती, आप्पांना आहे, मलाही आहे. ओढून बघितलं. पक्कं होतं.

माळ्यावर मांजर व्यालीय हे कारागिराला ठाऊक होतं, मला नव्हतं. त्यानं सांगितलं नाही, कारण मी हाकलून दिली असती. खरंच दिली असती. टाकणखार, तेजाब, पेटती बत्ती, असल्या जागेत जनावराचं काय काम? तर तिनं नेमकी त्याच संध्याकाळी पिल्लं हलवायला घेतली होती. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आमचं कितवं होतं कुणास ठाऊक. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत हे खरं, पण एका फेरीत एकच पिल्लू नेता येतं हेही खरं. दोन नेली. तिसऱ्यासाठी परत आली तेव्हा समोर आमचं शटर.

हे मला सकाळी समोरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं. "रात्री साडेआठपर्यंत शटरला नखं मारालती बघा मालक. मला वाटलं आत उंदीर असंल." शटरच्या खालच्या पट्टीवर, रंग उडालेल्या जागी, ओरखडे होते. बारीक, एकावर एक. नक्षीकामात चुकून सळई घसरली की उमटते तशी रेघ.

पिल्लू माळ्यावर जुन्या वहीखात्यांच्या गठ्ठ्यामागं होतं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. तोंड उघडायचं, पण बाहेर काही यायचं नाही. कारागीर म्हणाला, लगेच उचलू नका, आई न्यायला येईल. ते बरोबरच होतं. रस्त्यावरचं पिल्लू दिसलं की आपण दयेनं उचलतो आणि आई तासाभरानं येऊन मोकळी जागा हुंगत बसते, असं बरेचदा होतं. म्हणून शटर अर्धं वर ठेवलं, पिल्लू खोक्यात घालून उंबऱ्याशी ठेवलं आणि आम्ही समोर पानपट्टीच्या आडोशाला उभे राहिलो. गुजरीत भरदिवसा पेढी उघडी टाकून मालक समोर पावसात उभा आहे, हे दृश्य बघून तीन ओळखीच्यांनी विचारलं, धाड पडलीय काय?

दुपारी दोनपर्यंत ती आली नाही. पिल्लाला हात लावला, तर ते गार होतं. मग थांबलो नाही.

*

घरी, शिवाजी पेठेत, आप्पा सोप्यात पेपर वाचत होते. वय ७४. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय घेऊन आलायस रं?"

सांगितलं. शटरचंही सांगितलं. आप्पा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मेलं तर सोन्याचं मांजर घडवून काशीला वाहायला लागतंय. सोनं तुझं. मजुरी मी घेणार."

आमच्या धंद्यात या विनोदाला धार आहे, कारण असं मांजर आजोबांनी एका गिऱ्हाइकाला खरंच घडवून दिलं होतं म्हणतात. गुंजभर सोन्याचं, पत्र्यातून कापलेलं, ओळखू यायला शेपटी तेवढी लांब. पापाचं वजन करायची वेळ आली की माणूस हलक्यात हलकं माप शोधतो. पण माझ्या डोक्यातून ते ओरखडे काही जाईनात. मी कुणाला मारलं नव्हतं. फक्त कुलूप ओढून बघितलं होतं.

बायकोनं पिल्लू माझ्या हातातून काढून घेतलं. "मी काय सांगालोय, आधी ऊब दे त्याला. दूधबिध मागनं." (आमच्याकडच्या बायका 'मी सांगालोय', 'मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) तिला मांजराचं काही माहीत नव्हतं, पण दोन बाळंतपणं निभावलेली बाई होती, आणि नेमकी तीच गोष्ट पहिली होती. तीन-चार आठवड्यांपर्यंत मांजराच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. ती आईच्या आणि भावंडांच्या अंगातून येते. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध घातलं तर ते पचत नाही, तसंच पडून राहतं, जिवावर बेततं. हे डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. तोवर बायकोनं गरम पाण्याची पिशवी जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली होती. नको झालं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता यावं म्हणून. तिला हे कसं सुचलं ते विचारलं, तर म्हणाली, "तुला थंडीत गोधडी लाथाडताना रोज बघतोय की."

डॉक्टरांनी पिल्लू उलटंपालटं करून बघितलं. डोळे उघडलेले पण निळसर धुकट, कान अजून पुरते उभे नाहीत, दात नाहीत. दोन आठवड्यांचं असेल. पांढऱ्या अंगावर काळे आणि केशरी डाग होते, त्यावरूनच म्हणाले, मादी आहे. मला वाटलं अंदाज ठोकतायत. पण त्याला कारण आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि केशरी दोन्ही एकाच अंगावर उमटायला दोन एक्स लागतात, आणि ते मादीकडं असतात. तिरंगी बोका क्वचितच सापडतो. लाल आणि काळी, म्हणून पोरीनं तिथंच नाव ठेवलं: गुंज, सोनं तोलायच्या लाल-काळ्या बीचं. सोनाराच्या घरात जन्मलेल्या पोरीला लाल-काळं म्हटल्यावर दुसरं काय आठवणार?

"रोज वजन करायचं," डॉक्टर म्हणाले. "रोज एकाच वेळी. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर मला फोन, घटलं तर फोन न करता थेट या. घरात बारीक वजनाचा काटा आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर मला छाती फुगवता आली.

*

पेढीवरचा जुना इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणला. काचेच्या पेटीतला, ६०० ग्रॅमपर्यंतचा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. चारी बाजूंनी काच का, तर पंख्याच्या वाऱ्यानं, श्वासानं सुद्धा आकडा हलू नये. वजनमापवाले शिक्का तपासायला आले तर काटा घरी का हे काय सांगायचं, याची एक चिंता मनात ठेवून मी तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला. पितळी डबीत मऊ फडकं घातलं, काटा शून्यावर आणला, फडक्यावर गुंज ठेवली.

२१२.

"एकवीस तोळे दोन ग्रॅम," मी म्हणालो.

"अठरा तोळे दोन मासे," आप्पा मागून म्हणाले. गुजरीत आज तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण आप्पांच्या डोक्यातला तोळा अजून ११.६६ चाच आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्यावरून आमचा वाद सुरू होणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "बाबा, पुढचं थांबंना."

दशांशापुढचे आकडे थांबत नव्हते. २१२.३१, २१२.४४, २१२.२७, पुन्हा २१२.३९. मला वाटलं ती हलतेय. नव्हती हलत. ऊब लागून झोपली होती, पाय पोटाशी घेऊन, शेंगेसारखी. मी काचेची दारं बंद केली. तरी आकडा चालूच. दीडशे हृदयाचे ठोके, दोनशे, मोजण्याच्या पलीकडले, आणि त्यात भरभर श्वास. ते सगळं खाली पितळेत उतरत होतं.

अठ्ठावीस वर्षं मी काट्यासमोर बसतोय. माझा सगळा धंदा त्या शेवटच्या आकड्यावर. तो थांबेपर्यंत गिऱ्हाईक श्वास धरून बसतं, मीही बसतो, मग थांबतो आणि दोघंही मान हलवतो. सोनं ठेवलं की आकडा थांबतो. थांबला नाही तर काटा नादुरुस्त. इथं काटा अगदी ठीक होता. शेवटी पोरीच्या वहीत नुसतं २१२ लिहिलं आणि पुढं, तिच्या आग्रहानं, तीन टिंबं.

*

कोल्हापुरात दुधाचा तोटा नाही. १९६३ पासून गोकुळ दूध संघ ज्या जिल्ह्यात उभा आहे, त्या जिल्ह्यात पिल्लासाठी दूध शोधत मी दोन दिवस हिंडलो. कारण डॉक्टरांनी बजावलं होतं: गाईचं नाही, म्हशीचं नाही, पाणी घालून नाही, साखर घालून तर नाहीच. मांजराच्या पिल्लांसाठीची पावडर मिळते, तीच आणायची. पहिल्या रात्रीपुरती त्यांनी थोडी दिली. पुढचा डबा मागवला, तर पुरामुळं महामार्गावर गाड्या अडकलेल्या. शेवटी राजारामपुरीत एका दुकानात मिळाला. किंमत सांगितली असती तर आप्पांनी खरंच सोन्याचं मांजर घडवायला घेतलं असतं, म्हणून सांगितली नाही.

दर तीन-चार तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पावडर कोमट पाण्यात कालवायची, थेंब मनगटावर टाकून बघायचा. किती पाजायचं ते वजनावरून ठरतं, म्हणून तर काटा. आणि बाळासारखं मांडीवर उताणं झोपवून पाजायचं नाही. ही चूक मी पहिल्याच खेपेला करत होतो. उताण्या पिल्लाच्या घशातून दूध फुप्फुसात जातं. पोटावर, चारी पाय खाली, मान किंचित वर, आईला लुचताना असते तसंच. बिनसुईची सिरिंज ओठाच्या कडेनं लावायची आणि थेंब ढकलायचा नाही, तिनं ओढला की द्यायचा. सोन्यावर डाक (झाळ) देताना जसा श्वास आपोआप मंद होतो, तसा व्हायचा. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं पोटाखाली हळूहळू पुसायचं. या वयात पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. रात्री अडीच वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, हातात कापूस घेऊन मांजरीच्या शूची वाट बघत बसलेला सोनार, असं माझं चित्र कुणी काढलं असतं तर मी ते पेढीत लावलं असतं.

त्याच दिवसांत फोनवर तासातासाला दुसरा आकडा येत होता. राजाराम बंधारा, पाणीपातळी ३९ फूट, म्हणजे इशारा. मग ४० फूट ७ इंच. मग ४२. त्रेचाळीस म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून कोल्हापूरचा माणूस हा आकडा बघितल्याशिवाय झोपत नाही. पोरीनं वहीत दोन रकाने केले. एका बाजूला पंचगंगा फुटांत, दुसऱ्या बाजूला गुंज ग्रॅममध्ये. एक उतरावा, एक चढावा. तीन दिवस दोन्ही चढत राहिले. २२१, २३०, २३८.

चौथ्या दिवशी नदी थांबली आणि गुंज उतरली.

*

झालं असं की आप्पा पहाटे गंगावेशीत गेले होते. दूध कट्ट्यावर. म्हशी तिथंच उभ्या असतात, धार समोर काढतात, ग्लासात फेस येतो आणि लोक उभ्या उभ्या पितात. तालमीतली पोरं व्यायाम करून येतात, आप्पांसारखी म्हातारी माणसं व्यायाम न करता येतात. आप्पांनी एक ग्लास स्वतः घेतला आणि एक स्टीलच्या तांब्यात घरी आणला. आम्ही दोघं रात्रभराच्या जागरणानं मेल्यासारखे झोपलो होतो. पिल्लू ओरडत होतं. त्यांनी चमच्यानं पाजलं.

दुपारपर्यंत फडकं तीनदा बदलावं लागलं. पिवळं पाणी. संध्याकाळी ती सिरिंजला तोंड लावेना. काट्यावर ठेवली: २१९.

पण माझं लक्ष त्या २१९ कडं नव्हतं. दशांशापुढं २१९.०८ होतं, आणि ते तिथंच होतं. मग ०९. मग परत ०८. बराच वेळ ०८. अठ्ठावीस वर्षं जो आकडा थांबायची वाट बघितली, तो थांबतोय हे बघून माझ्या हाताला कापरं भरलं.

डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली. अंगातलं पाणी गेल्याची ती खूण. त्यांनी त्याच कातडीखाली सलाईन भरलं, पाठीवर छोटं वशिंड आल्यासारखं दिसलं, आणि मग सगळं समजावून सांगितलं. पिल्लाला साखर पचते, पण बेतानं. म्हशीच्या दुधातलं लॅक्टोज तिच्या आतड्याला झेपण्यापेक्षा जास्त, आणि वाढीला लागणारी प्रथिनं मांजरीच्या दुधापेक्षा कमी. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून जुलाब. दोन आठवड्यांच्या पिल्लाकडं गमवायला पाणी असतंच किती? "आणि ताप वाटला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका," ते म्हणाले. "मांजराला ते विषच." बायकोनं पर्स हळूच मिटली. त्यात पोरीची तापाची बाटली होती.

घरी आलो तर आप्पा सोप्यात अंधारात बसलेले.

"म्हशीचं दूध पोरांस्नी चालतंय. मांजराला न चालायला काय झालं?" त्यांनी विचारलं, पण भांडणाच्या आवाजात नाही. मग म्हणाले, "मांजर दूध पितंय, एवढंच आपल्याला ठावं."

मी काही बोललो नाही. त्यांच्या तांब्याला नावं ठेवायला माझ्या शटरला तोंड कुठं होतं?

त्या रात्री पाजायची पाळी आप्पांनी घेतली. हात कापतात म्हणून त्यांनी दहा वर्षांपूर्वी नक्षीकाम सोडलंय. पण सिरिंज धरली तेव्हा कोपर गुडघ्यावर टेकवलं, मनगट छातीशी घेतलं, जसं जडावाचं काम करताना घ्यायचे, आणि हात स्थिर झाला. एक थेंब. थांबले. तिनं जीभ काढली. दुसरा थेंब. मी दारात उभा होतो हे त्यांना कळलं नाही. पहाटे अंबाबाईच्या काकड्याच्या सुमाराला मी उठलो, तर आप्पा भिंतीला टेकून झोपलेले आणि गुंज त्यांच्या बंडीच्या खिशात. खिसा धडधडत होता. आधी वाटलं त्यांचा फोन.

ती गुरगुरत होती. काट्यावर ठेवली तर आकडा वेड्यासारखा नाचायला लागला. वजन लिहिताच येईना. पोरीनं वहीत लिहिलं: २२० आणि काय काय.

*

पुढचं भराभर झालं. नदी उतरली, कारागीर कामावर आला आणि त्यानं येतानाच बांबूला टांगलेलं पीस आणलं. चौथ्या आठवड्यात दात आले, पावडरीत कालवलेलं मऊ खाणं सुरू झालं. रविवारी आप्पांनी पांढरा रस्सा द्यायची परवानगी मागितली. (हल्ली ते विचारतात.) कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो, म्हणून तिच्यासाठी बिनमिठाची, बिनमसाल्याची कोंबडी वेगळी शिजते. कोल्हापुरात अळणी कोंबडी शिजवणारं घर म्हणून गल्लीत आमची शोभा झालीय. घमेल्यात वाळू ठेवली, तर कुणी न शिकवता तिनं उकरली, हुंगली, पुन्हा उकरली. झारेकरी पेढीसमोरची धूळ चाळतात तसं चाळून बघते, आणि काही मिळालं नाही की तोंड वाकडं करून येते. जंताचं औषध झालं. आठव्या आठवड्यात पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, रेबीजची बारा आठवड्यांनंतर. तारखा पोरीनं देवाच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केल्यात, त्यातली एक नेमकी संकष्टीला आलीय.

तिची आई मला परत दिसली नाही. कारागीर म्हणतो खाली वेशीकडं एक तिरंगी दिसते, मागं दोन पिल्लं. असेल. शटर पाडायच्या आधी मी आता माळ्यावर चढतो, बॅटरी मारतो, वहीखात्यांच्या मागं बघतो. मग खाली येऊन पट्टीवर दोनदा थाप मारतो, थोडा थांबतो. पानपट्टीवाल्याला वाटतं कसला तरी विधी आहे.

गेल्या सोमवारी गुंजेला काट्यावर ठेवलं आणि आकडाच आला नाही. नुसत्या आडव्या रेघा आणि पीक पीक आवाज. ६०० च्या वर हा काटा मोजत नाही. ती डबीतून एक पाय बाहेर टाकून बसली होती, काचेच्या पेटीत आता मावतही नव्हती. पोरीनं वही उघडी धरली होती.

"मग आता?"

आप्पांनी तिला पिशवीत घातलं आणि समोरच्या किराणा दुकानात गेले. मी मागोमाग. दुकानदारानं काट्यावरचा साखरेचा पुडा उचलला, खाली वर्तमानपत्राचा कागद टाकला आणि गुंजेला ठेवलं. ती कागद हुंगत बसली.

"साडेसहाशे," तो म्हणाला. "कुणाच्या नावावर लिहू?"

आप्पा हसले नाहीत. ते वाकून आकड्याकडं बघत होते. ६५०. त्याचा काटा पाच-पाच ग्रॅमनी मोजतो, त्याला काय हृदयाचे ठोके कळणार? पण आप्पांनी चष्मा वर केला, परत खाली केला आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले,

"आकडा हलंना की रं."